पाळकांचं नाव संगमरवरावर, आणि वह्या रद्दीच्या तराजूत



या ग्रुपवर आपण जुन्या आठवणी टाकतो. छोट्या लाइनच्या गाडीने सौंसरहून नागपूरला जाणं, नाताळच्या आदल्या रात्री कंदील घेऊन घरोघर फिरणारी गाणाऱ्यांची टोळी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार आणि त्या दिवशी आईने आपल्याला घरात कोंडून ठेवणं. वाचून मन भरून येतं. मीही लिहिलंय असं पुष्कळ. पण आज गोड काही सांगायला आलो नाही. आज भांडायला आलोय, आणि घरच्यांशीच भांडायला आलोय. पोस्ट मोठी आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

झालं असं, की पाळकांच्या स्मरणार्थ एक संगमरवरी फलक लावायचं ठरलंय. आजवर सेवा केलेल्या सगळ्या पाळकांची नावं, खाली सालं, सोनेरी अक्षरं, उद्घाटनाला पाहुणे, नंतर जेवण. वर्गणीची यादी माझ्याकडेही आली. मी वर्गणी दिली नाही. "भाऊ, तुम्ही तं पाळकाच्या घरचे, तुम्हीच नाही म्हणता?" असं विचारलं गेलं. हो, म्हणूनच नाही म्हणतो. ज्यांची नावं आपण दगडावर कोरणार आहोत, त्यांनी लिहिलेलं एक पानसुद्धा आपल्यापैकी कोणी जपून ठेवलेलं नाही. नाव कोरायचं आणि माणूस जे बोलला ते रद्दीत घालायचं, याला स्मरण म्हणत नाहीत.

एका पाळकसाहेबांचं सांगतो. नाव घेत नाही, गावही सांगत नाही, कारण असं एकाच घरात झालेलं नाही. तीस-पस्तीस वर्षं सेवा केली. सायकलवर खेडोपाडी जायचे. दर रविवारचा उपदेश हाताने लिहून काढायचे, जाड पुठ्ठ्याच्या वहीत. ते गेले. राहायला घर मंडळीचं, म्हणजे क्वार्टर. नवीन पाळकांचं सामान यायचं होतं, म्हणून महिनाअखेर जागा रिकामी करा असा निरोप आला. पाळकीणबाई नागपूरला मुलाकडे गेल्या, दोन खोल्यांच्या घरात. तीन पेट्या होत्या. भांड्यांची पेटी गेली, कपड्यांची गेली. तिसरी वह्यांची होती, ती कुठे ठेवणार? रद्दीवाला आला, तागडी लावली, किलोवर मोजून घेऊन गेला. एक वही तेवढी वाचली. ती का वाचली ते ऐका. तिची मागची पानं कोरी होती, म्हणून नातीने गणिताच्या गृहपाठाला घेतली होती.

यात त्या बाईंचा काही दोष नाही. नवरा गेल्याच्या दुःखात, महिन्याभरात घर खाली करणाऱ्या बाईने वह्या कुठे न्यायच्या? दोष आपला आहे. आपण पाळकांना हक्काचं घर दिलं नाही, आणि त्यांच्या कागदांना एक कपाटही दिलं नाही. शेतकऱ्याच्या घरी आजोबांचे कागद माळ्यावर तरी पडून राहतात, कारण घर तेच असतं. पाळकाचं घर दर काही वर्षांनी बदलतं आणि शेवटी हातातून जातंच. म्हणून ज्याने सगळ्यात जास्त लिहिलं त्याचंच लिखाण सगळ्यात आधी जातं. रचनाच तशी आहे. रचना बदलल्याशिवाय नुसतं हळहळून काही होणार नाही.

आता ती वाचलेली वही. मी पाहिली. डाव्या बाजूला तारीख आणि गावाचं नाव. रामाकोना, लोधीखेडा, मोहगाव, बोरगाव. त्याखाली शास्त्रपाठ, उपासनासंगीतातल्या गीताचा नंबर, मग उपदेशाचे मुद्दे. समासात बारीक अक्षरात किती लोक आले, अर्पण किती जमलं, कुणाच्या घरी आजारी माणसासाठी प्रार्थना केली. पावसाने नदी चढली म्हणून सभा झाली नाही, हेही लिहिलंय. संत्र्याला भाव मिळाला नाही त्या वर्षी उपदेश कशावर होता, ते समजतं. विहीर आटली तेव्हा कोणता शास्त्रपाठ घेतला, ते समजतं. आणि भाषा! पुण्यातल्या पुस्तकातली मराठी नाही, आणि भोपाळची हिंदीही नाही. आपली मराठी, जिच्यात एका वाक्यात दोन शब्द हिंदीचे सहज येतात आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाहीत. ती भाषा कोणत्याच पुस्तकात नाही. ती फक्त अशा वह्यांमध्ये होती, आणि त्या आपण किलोवर विकल्या.

दुसऱ्यांनी काय केलं तेही पाहा.

धमतरीच्या मेनोनाइट मंडळ्या आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून माहीत आहेत. धमतरी आणि आपण एकेकाळी एकाच मध्य प्रांतात होतो. तिकडे १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट मिशन आलं. आधीच्या मोठ्या दुष्काळाने तो मुलूख नुकताच होरपळून निघाला होता, आणि अनाथ मुलं आणि कुष्ठरोगी यांच्या सेवेत ते लोक रुजले. पाठोपाठ चांपा-जांजगीरकडे मेनोनाइटांचीच दुसरी एक शाखा आली. हे लोक संख्येने जगात फार नाहीत. पण कागद जपण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. अमेरिकेत इंडियाना राज्यात एल्कहार्टला आणि कॅन्सस राज्यात नॉर्थ न्यूटनला त्यांची अभिलेखागारं आहेत. तिथे साध्या खेड्यातल्या पाळकांचे उपदेश, रोजनिश्या, घरची पत्रं, हिशेबाच्या चिठ्ठ्या खोक्यांत लावून, यादी करून ठेवल्या जातात. नामवंत बिशपांच्या तर आहेतच, पण आठवडाभर नांगर धरून रविवारी उपदेश करणाऱ्यांच्याही आहेत.

ही सवय त्यांना का लागली? त्यांची सुरुवात छळातून झाली. १५२५ साली झ्युरिकमध्ये प्रौढांचा बाप्तिस्मा करणारा जो छोटा गट निघाला, त्यांना पाण्यात बुडवलं, जाळलं, हाकलून दिलं. पुढे मेनो सायमन्स नावाच्या डच माणसाने, जो आधी रोमन कॅथलिक धर्मगुरू होता, विखुरलेल्यांना एकत्र केलं आणि त्याच्या नावावरून मेनोनाइट हे नाव पडलं. तुरुंगातून या लोकांनी बायकोमुलांना पत्रं लिहिली. ती हातोहात फिरली, उतरवली गेली, छापली गेली. १६६० साली डॉर्ड्रेख्टच्या एका पाळकाने, टीलमन व्हान ब्राख्टने, अशा साक्षी गोळा करून जाडजूड ग्रंथ काढला, 'मार्टर्स मिरर'. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरांत बायबलच्या शेजारी तो ग्रंथ राहिला. ज्यांच्याकडे ना राजा ना जमीन, ते कागदाच्या आधारावर पाचशे वर्षं टिकले. त्यांना कळलं होतं की आपल्याबद्दल दुसरे काय लिहितील याचा भरवसा नाही, तेव्हा आपणच लिहिलेलं आपण ठेवलं पाहिजे.

म्हणाल, ते गोरे लोक, त्यांच्याकडे पैसा. ठीक आहे. मग आपल्या शेजारचं पाहा. वरूडच्या रस्त्याने अमरावतीकडे निघालं की मोर्शी तालुक्यात रिद्धपूर लागतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी बोलले, त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. म्हाइंभटांनी काय केलं? ज्याने ज्याने स्वामींना पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जाऊन एकेक आठवण विचारून घेतली, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली आणि 'लीळाचरित्र' उभं केलं. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत गेली असं परंपरा सांगते. तेव्हा शिष्यांनी आठवणीतून पुन्हा जुळवलं. पुन्हा! ना छापखाना, ना मोबाइल. आज मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून त्याचा मान आहे, आणि रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय. एका उपदेशकाचे शब्द शिष्यांनी सांडू दिले नाहीत, त्याचं हे फळ. त्यांच्या मतांशी आपलं पटो न पटो, जपण्याची ही रीत याच मातीतली आहे. परदेशातून आणावी लागत नाही.

आणि न जपण्याचं फळही आपल्याच घरात आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. तीन आवृत्त्या! आज त्यातली एकही छापील प्रत कुठे सापडत नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवलेल्या पोथ्यांमुळे. त्यांच्यावरूनच १९०७ साली मंगळुरूला तो पुन्हा छापता आला. म्हणजे छापील स्मरणिका काढली की काम झालं, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. छापलेलंही हरवतं. घरात जपलेलं वाचतं.

आता आपल्या भागात मिशनऱ्यांच्या कागदांचं काय झालं ते सांगतो, म्हणजे माझा राग कशावर आहे ते कळेल.

स्टीफन हिस्लॉप नागपूरला १८४५ मध्ये आले. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे तेच. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परत येताना पुरात वाहून गेले. गोंड आणि इतर आदिवासींबद्दलची त्यांची टिपणं अर्धवट, विस्कळीत पडलेली होती. तीन वर्षांनी, १८६६ साली, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती स्वतः संपादून छापली. गोंडांच्या लिंगोचं गीत त्यामुळेच कागदावर राहिलं. छिंदवाड्याला रेव्हरंड जेम्स डॉसन होते. त्यांनी गोंडी शब्द आणि वाक्यं गोळा केली, ती १८७० मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आली. पुढे छिंदवाड्याचं काम स्वीडनच्या लुथरन मिशनकडे गेलं. त्यांचे अहवाल स्वीडनला गेले, स्कॉटलंडवाल्यांचे एडिंबरोला गेले. अभ्यासकाला आजही मागितले तर पाहायला मिळतात.

मी म्हणतो, चांगलं केलं त्यांनी. त्यांच्यावर राग नाही. पण त्या अहवालांमध्ये आपले लोक कसे दिसतात? पुष्कळदा "नेटिव्ह प्रीचर" एवढंच. कधी नाव असतं, कधी नसतं. उन्हात साहेबांसोबत चालणारा, साहेबांना भाषा शिकवणारा, बाजाराच्या दिवशी झाडाखाली उभं राहून प्रत्यक्ष बोलणारा माणूस आपला, आणि तो काय बोलला ते त्या अहवालात नाही. ते त्याच्या वहीत होतं. वही इथे होती. साहेबाची टिपणं तीन वर्षांत छापली गेली आणि आपल्या माणसाची वही तीन आठवड्यांत रद्दीत गेली. याला आता इंग्रज जबाबदार नाहीत बरं का. ते जाऊन पाऊणशे वर्षं होऊन गेली.

आता ज्या सबबी मला ऐकवल्या गेल्या, त्या एकेक घेतो.

पहिली सबब. "उपदेश पवित्र आत्म्याने त्या वेळेपुरता दिलेला असतो. बोलला, ऐकला, झालं. कागद जपणं म्हणजे माणसाला मोठं करणं." ऐकायला फार आध्यात्मिक वाटतं. पण मग यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय उघडा. यिर्मयाने सांगितलं आणि बारूखाने गुंडाळीवर लिहिलं. यहोयाकीम राजाने ती गुंडाळी चाकूने कापून कापून शेगडीत टाकली. तेव्हा देवाने काय म्हटलं, जाऊ दे, बोलून झालं ना? नाही. दुसरी गुंडाळी घेऊन पुन्हा लिहायला लावलं, आणि त्यात आणखी भर घातली. पौलाचं पाहा. तीमथ्याला दुसऱ्या पत्रात, मरण समोर दिसत असताना, तो काय मागवतो? त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला झगा, पुस्तकं, आणि विशेष करून चर्मपत्रं. पौलाला स्वतःचे कागद हवे होते. आपण पौलापेक्षा जास्त आध्यात्मिक झालो काय?

दुसरी सबब. "त्यात लोकांच्या खाजगी गोष्टी असतात." ही सबब खरी आहे, आणि हिला मी मान देतो. पाळकाला लोक घरातलं भांडण सांगतात, पाप सांगतात, कुणाचं लग्न का मोडलं ते सांगतात. रोजनिशीत ते येतं. ते उद्या मोबाइलवर फिरवायचं नाही, हे नक्की. पण त्याला उपाय जाळणं हा नाही. उपाय आहे मोहोर लावणं. घरच्या दोन समजूतदार माणसांनी चाळावं, खाजगी भाग वेगळ्या पाकिटात घालावा, वर लिहावं की अमुक सालापर्यंत उघडू नये. तीस वर्षं म्हणा, पन्नास म्हणा. मोठमोठ्या अभिलेखागारांत हेच करतात. उपदेशाच्या वह्यांत तर असं खाजगी फार थोडं असतं. ते जे बोलले ते भर मंडळीतच बोलले होते.

तिसरी सबब. "आता सगळं यूट्यूबवर असतं." काय असतं? गेल्या काही वर्षांतलं. ज्या पाळकांच्या काळात मंडळीत माइकसुद्धा नव्हता, त्यांचं काय? आणि ज्याच्या फोनवरून चॅनल चालायचं तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला, पासवर्ड विसरला, की चॅनलही गेलं. वहीला पासवर्ड लागत नाही.

चौथी सबब. "आपली मुलं हिंदी मीडियमची, नाहीतर इंग्लिश मीडियमची. ती मराठी वह्या कुठे वाचणार?" ही सबब मला सगळ्यात जास्त लागते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली. ज्या नागपूरला आपण राजधानी म्हणायचो ते मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. सरकारी कागद हिंदीत गेला, शाळा हिंदीत गेली. घरात आणि वेदीवर तेवढी मराठी उरली. म्हणजे सीमेच्या या बाजूला मराठी जाहीरपणे, गंभीरपणे, मोठ्या विषयावर बोलली गेली अशा ज्या थोड्या जागा होत्या, त्यांत एक पाळकाचा उपदेश होता. दुसरी कीर्तनकाराचं कीर्तन. त्यांच्याही वह्यांची हीच दशा आहे, वारकरी मित्रांना विचारून पाहा. आणि मुलांचं म्हणाल, तर हिंदी मीडियमच्या पोराला देवनागरी येतेच की! अक्षर ओळखीचं आहे, पन्नास शब्द अडतील. ते सांगायला आपण अजून जिवंत आहोत. वीस वर्षांनी कोण असेल? २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर तालुके घेऊन. नवीन जिल्ह्याचा इतिहास कोणीतरी लिहील. लिहिणाऱ्याने उद्या दार ठोठावून विचारलं, तुमच्या लोकांचं काय आहे, तर त्याला काय दाखवणार? संगमरवराचा फोटो?

पाचवी सबब. "कागद मंडळीला दिले तर हक्क जातो," किंवा उलट, "कागद मंडळीचेच आहेत, घरच्यांनी का ठेवावे?" यावर उगाच भांडणं होतात. सरळ हिशेब असा. बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, मृत्यूचं रजिस्टर आणि कमिटीचं मिनिट बुक मंडळीचं. पाळकाने स्वतः लिहिलेले उपदेश, रोजनिशी, पत्रं ही त्याची, त्याच्यामागे घरच्यांची. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिखाणाचा हक्क मृत्यूनंतर निदान साठ वर्षं टिकतो. कागद सांभाळायला दिले म्हणून छापायचा हक्क आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. एक साधं पत्र लिहून घ्या, काय दिलं, किती दिलं, कोण पाहू शकेल. विषय संपला.

आता कोणी म्हणेल, नुसता रागावतो, करायचं काय ते सांग. सांगतो. यात कोणत्याच गोष्टीला परदेशी पैसा लागत नाही.

एक. घरात असे कागद असतील तर आज रात्रीच ते जमिनीवरून उचलून ठेवा. लोखंडी पेटी, खाली दोन विटा किंवा पाट, भिंतीची ओल लागणार नाही अशी जागा. पावसाळ्याआधी आणि नंतर सावलीत वारा द्या, कडक उन्हात पसरू नका.

दोन. लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका. पानांवर कीटकनाशक फवारू नका. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा तेवढ्या हलक्या हाताने काढा. फाटलेलं पान स्वच्छ कागदात ठेवून द्या. जपायच्या उत्साहात कागदाचं जास्त नुकसान होतं.

तीन. क्रम बदलू नका. त्यांनी ज्या गठ्ठ्यात जे ठेवलं ते तसंच राहू द्या. एका पत्रासोबत रेल्वेचं तिकीट ठेवलं असेल तर त्यालाही कारण असेल.

चार. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मोबाइलवर फोटो काढा. मुखपृष्ठापासून, समासासकट, कोरं पानसुद्धा. फाइलला नुसता नंबर देऊ नका, साल आणि वही लिहा. तीन प्रती, तीन वेगळ्या घरांत. एकाच फोनमध्ये ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. आणि फोटो काढला म्हणून मूळ वही विकायची नाही.

पाच. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि पान उलटत नावं विचारा. हा कोण, ही कोणाची मुलगी, हे गाव कोणतं. वेगळ्या कागदावर पेन्सिलने लिहा. हे काम पुढच्या वर्षीवर टाकू नका. कागद थांबेल, म्हातारं माणूस थांबत नाही.

सहा. पाळकीणबाईंचं, सुवार्तिक बाईंचं, शाळेत शिकवणाऱ्या मावशीचंही लिखाण बघा. नारायण वामन टिळक मोठे कवी, आपण त्यांची भजनं आजही गातो. पण त्यांचं घर, त्यांचा स्वभाव, १८९५ च्या बाप्तिस्म्याने घरात काय वादळ झालं, हे आपल्याला कळलं ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे. फार शाळा न शिकलेली बाई. मुलगा देवदत्त पाठीस लागला, म्हणून आठवणी कागदावर आल्या. पुढे नातवाने, अशोक टिळकांनी, त्यावर मेहनत घेतली. तीन पिढ्या एका घराने कागद सोडले नाहीत, म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ते पुस्तक मिळालं. टिळकांना नवा करार भेटला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात. म्हणजे ती गोष्ट आपल्याच मुलखातली. आपल्या घरात लक्ष्मीबाई नव्हतीच असं कशावरून? आपण कधी विचारलं का तिला?

सात. वह्या पाळकांच्या क्वार्टरमध्ये ठेवू नका, सेक्रेटरीच्या कपाटातही नको. क्वार्टर रिकामं होतं आणि सेक्रेटरी बदलतो. मूळ कागद घरच्यांकडेच असावेत, किंवा घरच्यांच्या लेखी संमतीने एका ठरलेल्या कपाटात, दोन किल्ल्यांचं. ज्यांना बाहेर द्यायचे असतील त्यांनी बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या अभिलेखागाराला विचारून बघावं, तिथे देशभरातल्या मंडळ्यांचे कागद आहेत. पण एक प्रत इथेच राहिली पाहिजे. आपल्या आजोबांचा उपदेश वाचायला नातवाला बेंगळुरूचं तिकीट काढावं लागू नये.

आणि आठवं, कमिटीच्या भावांना आणि बहिणींना. मी तुमच्या विरोधात नाही. फलक लावा, पण नंतर लावा. जमलेल्या पैशातून आधी एक स्टीलचं कपाट घ्या. दोन कॉलेजची पोरं महिनाभर बसवा, त्यांना मानधन द्या आणि घरोघर जाऊन कागद बघायला लावा. एक नियम करा, की पाळक निवृत्त झाले किंवा गेले तर क्वार्टर रिकामं करायला निदान तीन महिने द्यायचे, आणि त्या काळात मंडळीतली दोन माणसं जाऊन, घरच्यांना विचारून, कागदांची यादी करतील. हा नियम मिनिट बुकात लिहा. एवढं कराल त्या दिवशी माझी वर्गणी दुप्पट घ्या, आणि फलक पुसायला मी स्वतः येतो.

काही जण म्हणतील, उपदेश साधे होते, त्यात काय विशेष विद्वत्ता? बरोबर आहे, साधेच होते. एल्कहार्टच्या खोक्यांतले शेतकरी पाळकसुद्धा साधेच आहेत. ज्याला साधं बोलायचं होतं त्याच्यासमोर कोण बसलं होतं ते आठवा. मजूर, विधवा, संत्र्याच्या बागेत काम करणारे, रात्री उपाशी झोपलेले. त्यांना दर रविवारी जगायला पुरेल असं काहीतरी देणं सोपं नव्हतं. ते कसं केलं, ते त्या वह्यांत आहे. आज नवीन पाळक इंग्रजी पुस्तकातला उपदेश हिंदीत आणून आपल्याला ऐकवतो, आणि आपण म्हणतो आता पहिल्यासारखा उपदेश होत नाही. कसा होणार? पहिला कसा होता ते त्याला दाखवायला आपल्याकडे काही ठेवलंच नाही आपण.

तेव्हा कमेंटमध्ये नुसतं "आमेन" आणि हात जोडल्याची चित्रं टाकू नका. एवढंच लिहा. तुमच्या घरात कोणाची वही आहे, कोणत्या सालची, आणि ती या क्षणी कुठे ठेवली आहे. नाव लिहायचं नसेल तर मला वेगळा निरोप करा. यादी मी करतो. पाच घरं निघाली तरी पुष्कळ झाली, आणि एकच निघालं तरी तिथूनच सुरुवात करू. पेटी उघडायला मदत लागली तर बोलवा, पांढुर्णा असो की सौंसर, मी येतो.